तुम्ही विचारलेत म्हणून : माणसे खरेच जास्त झाली आहेत का?

भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला लग्नकार्यात किंवा एसटीच्या प्रवासात एक प्रश्न हमखास विचारला जातो : सर, आपल्या सगळ्या अडचणींचे मूळ वाढती लोकसंख्या हेच ना? तुम्हीही तो विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो. वर्गात मीही अनेक वर्षे ‘होय’ असेच उत्तर दिले. आज तसे देणार नाही.

एका स्त्रीला सरासरी २.१ मुले झाली, की पुढची पिढी साधारण आधीच्या पिढीएवढीच राहते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा देशासाठी २.० आणि महाराष्ट्रासाठी १.७ आढळला. तरीही देशाची लोकसंख्या वाढते आहे, कारण आधीच्या मोठ्या पिढीतली मुले आज स्वतः आईवडील होण्याच्या वयात आहेत आणि माणसांचे आयुर्मानही वाढले आहे. ही वाढ थांबायला अजून काही दशके लागतील. बिहारमध्ये त्या पाहणीत तो आकडा ३ होता हे खरे, पण तिथेही तो उतरतोच आहे.

मग गर्दी आणि टंचाई दिसते ती कशाची? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा ‘माणसे फार झाली’ असे म्हणणारे पुष्कळ भेटले. राज्यात लागवडीखालील क्षेत्राच्या जेमतेम चार टक्के जमिनीवरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेतो, आणि मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण भागातही त्याची लागवड वाढत गेली, हे मात्र त्या बोलण्यात येत नसे. तहानलेल्यांची संख्या मोजण्याआधी पाणी कुठे गेले हे पाहिले पाहिजे, असे मला तेव्हापासून प्रकर्षाने वाटते.

माणसे जास्त आहेत असे एकदा ठरले, की पुढचा प्रश्न येतो : कोणती माणसे? त्याचे उत्तर नेहमी गरिबांच्या दारात शोधले जाते. आणीबाणीत, १९७६ साली, तीन मुलांनंतर सक्तीने नसबंदी करण्याचे विधेयक आपल्याच विधिमंडळाने संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही. कुटुंब लहान हवे पण त्यात मुलगा हवाच, या हट्टाची किंमतही आपण पाहिली आहे : २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली होत्या. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, तेव्हा त्यांच्यापुढे स्त्रीचे आरोग्य आणि तिची इच्छा होती. जन्मदर टिकाऊपणे उतरतो तो याच वाटेने, म्हणजे मुली शिकल्या, त्यांची लग्ने उशिरा झाली आणि जन्मलेले मूल जगेल याची खात्री वाटू लागली की. जिथे स्त्रीला नको असतानाही मूल होते, तिथे समस्या खरी आहे. पण ती आधी त्या स्त्रीची आहे, देशाच्या बेरजेची नंतर.

मी ज्या रत्नागिरी जिल्ह्यात शिकवले, त्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात सुमारे १७ लाखांवरून १६ लाखांवर आली, आणि त्याच काळात ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. माझ्या पहिल्या शाळेत आता नऊ मुले आहेत. त्या गावात लोकसंख्यावाढीचा प्रश्न मला कोणी विचारत नाही. पुढच्या वर्षी शाळा चालू राहील का, एवढेच विचारतात.