गेम साउंडट्रॅक अपडेट ५: दुसऱ्या मजल्याची मेलडी काढून टाकली

मागच्या वेळी लिहिलं होतं की दुसऱ्या मजल्याचा ट्रॅक पूर्ण झाला, फक्त एक्सपोर्ट राहिलाय. तो ट्रॅक आता गेममध्ये नाहीये. रीपरची (ज्या सॉफ्टवेअरमध्ये मी संगीत बनवते) फाइल जपून ठेवलीये, पण जिच्यामागे तीन आठवडे खपले ती मेलडी त्या मजल्यावरून काढलीये आणि तेव्हा कुठे तो मजला नीट ऐकू यायला लागला.

नवीन आलेल्यांसाठी पटकन सांगते. गेम माझा मित्र एकटाच बनवतोय, गोडो या गेम इंजिनमध्ये, आणि संगीत माझ्याकडे आहे. बंद पडलेलं दीपगृह, सात मजले, एकेक दिवा पेटवत वर चढायचं, हातातल्या कंदिलाचं तेल संपत आलं की सावल्या जवळ येतात. संवाद एकही नाही, त्यामुळे खेळणाऱ्याला काय वाटावं हे बरंचसं संगीतावरच आहे.

तर झालं असं. ट्रॅक १६ बारचा (एक बार म्हणजे चार मात्रा), ९० बीपीएम (मिनिटाला ९० मात्रा), म्हणजे एक आवर्तन साधारण ४३ सेकंदांचं. हेडफोनवर ऐकताना मला तो इतका आवडायचा की झोपायच्या आधी एकदा लावायचेच. मग मित्राने एका टेस्टरला खेळायला बसवलं आणि मी मागे बसून बघत होते, ती त्या मजल्यावर १२ मिनिटं होती. १२ मिनिटांत ४३ सेकंदांचा लूप जवळपास १७ वेळा वाजतो. पाचव्या-सहाव्या वेळेला तिने हेडफोन काढून गळ्यात अडकवले, बोलली काहीच नाही, खेळत राहिली. मला तेवढं पुरेसं होतं.

रात्री परत ऐकलं, यावेळी सलग १५ मिनिटं आणि हातात दुसरं काम घेऊन, आणि मग कळलं की मेलडी वाईट नाहीये, ती सारखी लक्ष मागतेय. चार बार प्रश्न, चार बार उत्तर, मग जरा वर चढून शेवटी सोळाव्या बारला षड्जावर येऊन बसते. गाण्यात हे छानच वाटतं. पण लूपमध्ये दर ४३ सेकंदांनी कानाला सांगितलं जातं की संपलं, आणि लगेच पहिल्यापासून सुरू. खेळणारी अजून अंधारात जिना शोधतेय आणि संगीत तिच्या आधीच घरी पोचलंय, असं ते होत होतं.

पहिला बदल शेवटच्या बारात केला. आता तो पंचमावर लटकत राहतो आणि षड्ज येतो तो थेट पुढच्या आवर्तनाच्या समेवर. त्यामुळे शेवट आणि सुरुवात एकच होऊन जाते, जोड कुठेय ते शोधावं लागतं. एवढ्याशा बदलाने अर्धं काम झालं खरंच.

दुसरा बदल मोठा. मेलडी काढली आणि उरलेले लेयर (एकावर एक वाजणारे थर) वेगवेगळ्या लांबीचे केले. पॅड (मागे लांब धरलेले सूर) १६ बारचा ठेवला, वरची टिपटिप वाजणारी आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून) ५ बारची आणि काचेचा आवाज ७ बारचा. तिन्ही एकत्र सुरू होतात पण प्रत्येक आपापल्या लांबीने फिरतो, म्हणजे तिघं परत पहिल्यासारखे एका जागी भेटायला ५६० बार लागतात, जवळपास २५ मिनिटं. सामान तेवढंच, फाइलचा साइज पण कमी झाला, आणि तरी तेच तेच वाटत नाही. यात एकच अट आहे, कुठलाही सूर कुठल्याही सुरावर आला तरी खटकता कामा नये, म्हणून सगळं सा रे ग प ध एवढ्यातच ठेवलंय. मध्यम आणि निषाद नसले की अर्ध्या सुराचं अंतर कुठेच येत नाही, भांडण व्हायला जागाच राहत नाही.

काचेचा आवाज म्हणजे खरोखर काचेचा ग्लास आहे, ओलं बोट कडेवरून फिरवून. पाणी वाढवलं की सूर उतरतो, त्यामुळे चमच्या-चमच्याने पाणी घालत पंचम लावला, मग धैवत. दोन रात्री गेल्या. तयार आवाजांच्या लायब्ररीत असा आवाज मिळाला असता, पण माझ्या बोटाचा जरासा अडखळता घर्षणाचा आवाज त्यात राहिलाय आणि तो त्या ओसाड जिन्यात इतका शोभतो की मी तो साफ करणार नाहीये.

आता मेलडीचं. तिचे पहिले चार बार ठेवलेत आणि ते फक्त दिवा पेटवल्यावर वाजतात. ते पुढच्या बारच्या सुरुवातीला सुरू व्हायला हवेत नाहीतर बाकीच्या लेयरशी जुळणार नाहीत, पण ९० बीपीएमला एक बार २.६७ सेकंदांचा, म्हणजे बटण दाबल्यावर कधी कधी अडीच सेकंद काहीच नाही, आणि तेवढ्यात दिवा पेटल्याचा आनंद विझून जातो. मित्र म्हणाला, "अगं बीटवर सुरू कर ना, ०.६७ सेकंदच थांबावं लागेल." करून बघितलं, पण मग फ्रेजचा तोल जातो, समेची मात्रा भलतीकडे पडते. शेवटी असं केलं की बटण दाबताक्षणी काचेची एक टिंग वाजते, पंचमात, आणि ती विरत असतानाच पुढच्या बारला मेलडी येते. टिंग ऐकली की कान थांबायला तयार होतो. योग्य जागा येईपर्यंत संगीताने थांबायचं ही कल्पना जुनी आहे, लुकासआर्ट्सच्या आयम्यूज सिस्टीमने १९९१ मध्ये मंकी आयलंड २ या गेममध्ये हे करून दाखवलं होतं, पण स्वतःच्या गेममध्ये ते पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच.

तेल संपत येतं तेव्हाचा लेयर पण बदलला. आधी टेम्पो वाढवायचा विचार होता, स्पेस इनव्हेडर्स या गेममध्ये १९७८ सालीच उतरत जाणारे चार सूर हळूहळू वेगाने वाजायला लागायचे आणि छातीत धडधडायचं, ते डोक्यात होतं. पण तयार ऑडिओ फाइल पळवली की एकतर सूर चढतो नाहीतर स्ट्रेच करून आवाज चिरका होतो, आणि बाकीचे लेयर पण सोबत पळवावे लागतात. म्हणून टेम्पो तोच, फक्त खालचा ठोका आधी मात्रेला एक, मग दोन, मग चार. वेग वाढल्यासारखाच वाटतो.

एक्सपोर्टबद्दल दोघातिघांनी विचारलं होतं म्हणून लिहिते. लूप एमपी३ मध्ये देऊ नका, एमपी३ बनवणारा एन्कोडर पुढेमागे थोडी शांतता भरतो आणि जोडावर उचकी लागते, ओजीजी (दुसरा ऑडिओ फॉरमॅट) द्या. रिव्हर्बची (घुमत विरणाऱ्या आवाजाची) शेपटी कापली जात असेल तर दोन आवर्तनं सलग रेंडर करून दुसरंच कापून घ्या, पहिल्याची शेपटी त्याच्या सुरुवातीला आपोआप येऊन बसते. मी ४४.१ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, म्हणजे सॅम्पल) ९० बीपीएम घेते कारण एक मात्रा बरोबर २९,४०० सॅम्पलची होते आणि १६ बार १८,८१,६०० चे, कापताना अपूर्णांक येत नाही (अर्ध्या सॅम्पलने कानाला फरक पडत नाही, पण मला कापाकापी नेमकी आवडते). आणि लेयर एकेकटे ऐकून आवाज ठरवू नका, चार सारख्याच जोराचे लेयर एका क्षणी भिडले तर पीक (आवाजाचं सगळ्यात वरचं टोक) १२ डीबी म्हणजे डेसिबलपर्यंत वर जाऊ शकतो. माझ्याकडे तिसऱ्या दिव्याला फाटत होतं ते याच्यामुळेच.

एका मजल्याला पाचपेक्षा जास्त आवाज नाहीत हा नियम अजून पाळतेय. एनईएसला (निन्टेंडोचा जुना गेम कन्सोल) आवाजाचे पाचच चॅनल होते आणि त्यातल्या ट्रायंगल नावाच्या चॅनलला आवाज कमीजास्त करायची सोयच नव्हती, तो एकतर चालू नाहीतर बंद, तरी त्यावर काय काय बास वाजलेत. सहावा ट्रॅक उघडावासा वाटला की मी आधी एखादा बंद करून बघते.

तिसरा आणि चौथा मजला आता याच पद्धतीने परत करायचाय, पाचव्याला अजून हात लावला नाहीये. सातव्याचं मात्र ठरलं. वर पोचल्यावर मोठा दिवा लागतो तिथे ती काढलेली मेलडी पूर्ण वाजणार, सोळाच्या सोळा बार, एकदाच, लूप नाही. काल रात्री जुनी फाइल उघडली आणि तिच्या शेवटच्या बारातला षड्ज परत जागेवर ठेवला.