फिश ४ ईपेलसाठी: बिल्ड झालं, आता खरा गुंता

तर मंडळी अपडेट असा, की ईपेलसाठी (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स, म्हणजे रेलसाठीची जादा पॅकेजेसची रेपो) फिश ४ चा आरपीएम, म्हणजे इन्स्टॉल करायचं पॅकेज, अल्मा ९ (रेलशी सुसंगत मोफत डिस्ट्रो) च्या मॉकमधे, म्हणजे वेगळ्या स्वच्छ बिल्ड वातावरणात, नीट बांधला जातोय. मागचं माहीत नसेल तर थोडक्यात, फिश शेल (टर्मिनलमधे कमांड चालवणारा प्रोग्राम) आधी सी प्लस प्लसमधे होता, टीमने २०२३ पासून तो तुकड्यातुकड्याने रस्टमधे नेला आणि फेब्रुवारी २०२५ मधे ४.० आला, साधारण ५७ हजार ओळींच्या जागी ७५ हजार.

रेलमधला रस्ट कंपायलर जुना पडेल ही भीती उगाच होती. ४.० ला रस्ट १.७० पुरतं, आणि रेल ९ मधलं रस्ट टूलसेट मायनर रिलीजबरोबर पुढे सरकत राहतं, ग्लिबसी या मूळ सी लायब्ररीसारखं २.३४ वर गोठलेलं नाही. डोकं खाल्लं ते क्रेट्सनी, म्हणजे रस्टच्या लायब्ररींनी. बिल्डच्या वेळी नेटवर्क बंद, म्हणून लागणारं सगळं आधीच टारबॉलमधे भरून द्यायचं, कार्गो (रस्टचं बिल्ड टूल) व्हेंडर मारलं की ते होतं, पण फिश पीसीआरई२ (मजकुरातले पॅटर्न शोधणारी लायब्ररी) क्रेटचा स्वतःचा फोर्क, म्हणजे बदललेली प्रत, थेट गिटवरून घेतो कारण त्यांना यूटीएफ-३२ (प्रत्येक अक्षराला ३२ बिट) हवं असतं. आता नुसती क्रेट्स डॉट आयओ या सार्वजनिक साठ्याची सोर्स व्हेंडर फोल्डरकडे वळवली तर गिटवाली तशीच लोंबकळते आणि कार्गो नेटवर्क मागत बसतो. व्हेंडर संपताना जी कॉन्फिग छापली जाते ती अख्खी उचलून प्रेपमधे (बिल्डआधीच्या तयारीच्या टप्प्यात) टाका, मग गप्प बसतो.

आणि बिल्ड हिरवं झालं म्हणून पाठ थोपटून घेऊ नका. सिस्टमची पीसीआरई२ सापडली नाही तर तो क्रेट स्वतःजवळचा सी सोर्स गुपचूप कंपाइल करून स्टॅटिक लिंक करतो, म्हणजे बायनरीतच मुरवतो, एररबिरर काही नाही. आरपीएमच्या रिक्वायर्समधे (लागणाऱ्या गोष्टींच्या यादीत) लिबपीसीआरई२-३२ दिसतंय का तेवढं बघायचं. दिसलं तर त्या लायब्ररीचे सिक्युरिटी फिक्स रेलकडून आपोआप येतात, नाहीतर दर वेळी आपणच रिबिल्ड मारा. बाकी क्रेट्स बायनरीत मुरलेलेच असतात, त्यामुळे लायसन्स टॅगमधे सगळ्यांची लायसन्स आणि बंडल्ड प्रोव्हाइड्स (आत काय काय भरलंय त्याच्या नोंदी), कंटाळवाणं पण सुटका नाही. टेस्टमधले पेक्सपेक्टवाले (टर्मिनलवर माणूस टाइप करतोय असं भासवणारे) इंटरॲक्टिव्ह भाग मशीन लोडखाली असलं की टायमिंगमुळे पडतात, ते वेगळे चालवतोय.

खरा गुंता वागणुकीचा आहे. ४.० मधे प्रश्नचिन्ह बाय डिफॉल्ट ग्लॉब (फाइलच्या नावात कुठल्याही एका अक्षराला जुळणारं चिन्ह) राहिलेलं नाही, म्हणजे कुणाच्या जुन्या स्क्रिप्टमधे "लॉग?" असं लिहिलेलं असेल तर ते आता अक्षरशः तेच नाव शोधणार. फीचर फ्लॅगने जुनं वागणं परत आणता येतं, पण सर्व्हरवर डीएनएफ अपडेट मारणारा माणूस आधी रिलीज नोट्स वाचतो असं समजणं म्हणजे भाबडेपणा. ईपेलची इनकम्पॅटिबल अपग्रेडची पॉलिसी नेमकी यासाठीच आहे, स्टीअरिंग कमिटीची मंजुरी घ्या, ईपेल-अनाउन्सवर कळवा, मग टेस्टिंग रेपोत मुरू द्या. काही जणांना हे सगळं कागदी घोडे वाटतात, मला नाही वाटत, दहा वर्षांच्या डिस्ट्रोवर माणूस येतोच मुळी काही बदलू नये म्हणून.

म्हणून माझा कल असा, की जिथे ३ सिरीज आधीच बसलेली आहे तिथे सिक्युरिटीचं कारण निघेपर्यंत हात लावायचा नाही. ४ साठी ईपेल १० बरं, तिथे मायनर व्हर्जनप्रमाणे ब्रँच आहेत आणि मुख्य ब्रँच सेंटओएस स्ट्रीम १० (रेलच्या पुढच्या मायनरचं आधीचं रूप) वर बिल्ड होते, मोठी उडी नव्या मायनरसाठी राखून ठेवता येते. पुढचं काम एआरएमवरचं बिल्ड. कुणाकडे एस३९०एक्सवर (आयबीएम मेनफ्रेमवर) पेक्सपेक्ट टेस्ट चालवल्याचा लॉग असेल तर टाका इथे.