सेंट्रल पार्कच्या कडेने, ट्रामच्या आवाजात

डिसेंबरात न्यूयॉर्कला जाणार असाल तर एक शनिवार मोकळा ठेवा. रॉकफेलर सेंटरचं झाड, टाइम्स स्क्वेअरची रोषणाई, दुकानांच्या सजवलेल्या काचा हे सगळं तिथे रोज असतं. शनिवारी मात्र सबवेच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, रुळांवर १९३० च्या दशकातले डबे धावतात. नेहमीच्या स्टेशनांवर थांबत, नेहमीच्या तिकिटात. २०२४ च्या डिसेंबरात ते तिकीट २ डॉलर ९० सेंट होतं. एवढ्या पैशांत त्या शहरात धड कॉफीसुद्धा मिळत नाही.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. सासरे हिवाळ्यात आमच्याकडे आले होते. नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं, फिलाडेल्फियाची घंटा झाली, मंदिरं झाली, मॉल झाले. बाबा सगळीकडे आले, सगळीकडे "छान आहे हो" म्हणाले आणि घरी येऊन खिडकीशी बसले. वय ऐंशीच्या घरात, सगळा जन्म लालबागच्या चाळीत गेलेला. इथे रस्त्यावर माणूस दिसत नाही याचं त्यांना खरंच दुःख होत होतं. ते बोलून दाखवत नव्हते, त्यामुळे मला जास्त लागत होतं.

मग लेक शाळेच्या सहलीला ब्रुकलिनच्या ट्रान्झिट म्युझियमला जाऊन आली आणि तिने आजोबांना घेऊन जायचा हट्टच धरला. हे म्युझियम म्हणजे बंद पडलेलं एक खरं स्टेशन आहे. बाहेरून वाटतं आपण सबवेलाच उतरतोय. तोच जिना, तशीच पाटी. कोर्ट स्ट्रीट हे स्टेशन १९३६ मध्ये उघडलं आणि प्रवासीच मिळेनात म्हणून १९४६ मध्ये बंद झालं. पुढे १९७६ मध्ये, अमेरिकेच्या द्विशताब्दीच्या वर्षी, ४ जुलैला तिथे जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरवलं. प्रवेशमूल्य होतं सबवेचं एक टोकन. तात्पुरतं म्हणून भरवलेलं ते प्रदर्शन अजून उठलेलं नाही.

खाली फलाटाच्या दोन्ही बाजूंना डबे उभे आहेत आणि प्रत्येकात शिरता येतं. लाकडी डबे आहेत, वेताच्या बाकांचे आहेत, १९६४ च्या जागतिक मेळ्यासाठी बनवलेला आकाशी निळा डबाही आहे. त्या त्या काळातल्या जाहिराती डोक्यावर तशाच लावलेल्या. बाबा वेताच्या बाकावर टेकले, हाताने वीण चाचपली. टोकनचा किस्सा त्यांना फार आवडला. १९०४ पासून १९४८ पर्यंत सबवेचं भाडं पाच सेंटच राहिलं. पुढे ते दहा झालं आणि १९५३ मध्ये पंधरा. पण पंधरा सेंटचं नाणंच नाही आणि फाटकाच्या यंत्रात दोन नाणी टाकायची सोय नाही, म्हणून टोकन पाडलं. ते २००३ पर्यंत चाललं. बाबा म्हणाले, "आमच्याकडे सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरची आणि लोकांची भांडणं व्हायची. हे बरं सुचलं ह्यांना."

तरी घरी आल्यावर बाबा पुन्हा खिडकीशी. मला तेव्हा कारण कळलं नव्हतं. त्या डब्यांत सगळं होतं, फक्त गाडी चालू नव्हती.

पुढच्या शनिवारी गाडीने पेन स्टेशन, तिथून चालत हेराल्ड स्क्वेअर आणि एफ गाडी पकडून खाली सेकंड अव्हेन्यू. म्युझियमची ती शनिवारची जुनी गाडी तिथून सुटते आणि वर हार्लेममध्ये १४५ स्ट्रीटपर्यंत जाते. फलाटावर उतरलो तर अर्धी गर्दी १९४० च्या सालातून आल्यासारखी. बायकांच्या डोक्यावर तिरप्या टोप्या, हातात मोजे, पुरुषांच्या पट्टेदार सुटांना रुंद कॉलर. कोपऱ्यात सॅक्सोफोन आणि ढोल वाजत होता आणि चक्क जोड्या नाचत होत्या. ही मंडळी पैसे घेऊन आणलेली नसतात, हौसेने घरून असे कपडे घालून येतात. मला हे मनापासून आवडलं. आपल्याकडे पाडव्याला शोभायात्रेत नऊवारी नेसून बायका बुलेटवर निघतात, तसाच निर्मळ उत्साह.

आवडले नाहीत ते कॅमेरेवाले. गाडी फलाटाला लागायच्या आधीपासून कडेला रांग लावून उभे, दारं उघडली तरी हलायचं नाव नाही. त्यातल्या एकाने बाबांना दंडाला धरून बाजूला केलं, का तर ते चौकटीत येत होते. काठी घेतलेला म्हातारा माणूस! माझा तोल जाणार होता, पण तेवढ्यात फरची कॉलर लावलेली एक बाई डब्यातून उठली, बाबांचा हात धरून त्यांना आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः वरची कडी धरून उभी राहिली. त्या गर्दीत बसायला मिळणं ही मोठी गोष्ट होती. मी तिचे आभार मानले, तर ती म्हणाली, ही गाडी ह्यांच्यासारख्यांसाठीच आहे.

डबा आतून हिरवट. छताला विजेचे साधे पिवळे बल्ब, काही झाकण नाही. पंख्यांना घरच्या पंख्यासारखी मोठाली पाती. खिडक्या उघडणाऱ्या. कंडक्टर डब्याच्या आत नव्हताच. दोन डब्यांच्या मधल्या फटीत, बाहेर, दोन्हीकडच्या पायऱ्यांवर एकेक पाय ठेवून तो उभा होता आणि तिथूनच दारं उघडत-मिटत होता. पूर्वी रोज अख्खी पाळी ही माणसं अशी बोगद्यातल्या वाऱ्यात उभी राहून करत असत. लेकीने ते बघून विचारलं, "पडत नाही का गं तो?" मला उत्तर देता आलं नाही.

आणि गाडी सुटली.

आधी खालून एक जड हुंकार आला. मग तो चढायला लागला. हळूहळू, पट्टीपट्टीने, गाडीचा वेग वाढेल तसा वर वर जाणारा आवाज, जमिनीतून तळपायात आणि तिथून छातीत येणारा. पुढचं स्टेशन आलं की तसाच उतरायचा. मी बाबांकडे बघितलं तर त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं त्रास होतोय. जवळ वाकून विचारलं, "बाबा, बरं वाटत नाहीये का?"

डोळे न उघडता म्हणाले, "गप. ट्राम आहे ही."

मग मी गप्प राहिले. आसपास लोक हसत होते, फोटो काढत होते, बँडवालेही डब्यात चढले होते. बाबा नुसते ऐकत होते. खरी मजा कोलंबस सर्कल सुटल्यावर. ५९ स्ट्रीट ते १२५ स्ट्रीट, सहासष्ट रस्ते मागे टाकत, गाडी कुठे थांबत नाही. डोक्यावर सेंट्रल पार्कची पश्चिम कड आणि खाली आपण सुसाट. मधली स्टेशनं खिडकीतून नुसती पट्ट्यांसारखी जातात. उघड्या खिडकीतून बोगद्याचा गार, लोखंडी वासाचा वारा तोंडावर येत होता, सांध्यांवर दिवे क्षणभर विझून पुन्हा लागत होते आणि खालचा तो आवाज आता टिपेला पोचून तिथेच ठरला होता. शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं. बाबांनी त्या ठरलेल्या आवाजात डोळे उघडले आणि माझ्या कानाशी येऊन ओरडून सांगितलं, "भायखळ्याचा पूल उतरताना हा आवाज यायचा!"

आवाजाचं कारण मी नंतर नवऱ्याकडून समजून घेतलं, तो मेकॅनिकल इंजिनिअर. ह्या जुन्या डब्यांच्या गिअरचे दाते सरळ कापलेले असतात. दातावर दात सरळ आदळतो, म्हणून गाडी गाते. नंतरच्या गाड्यांत दाते तिरके आले, ते एकमेकांत अलगद शिरतात, आवाज उरत नाही. मुंबईची विजेची ट्राम १९०७ मध्ये सुरू झाली, ती त्याच सरळ दात्यांच्या जमान्यातली. बाबांचा कान साठ वर्षांनी चुकला नव्हता.

१४५ स्ट्रीटला उतरून आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो आणि बाबा बोलायला लागले. आमच्या घरी आल्यापासून इतकं सलग ते कधी बोलले नव्हते. दादर टी.टी.चा फेरा. पितळी हँडल फिरवत उभा राहणारा ड्रायव्हर, पायाने वाजवायची घंटा. चालत्या ट्राममधून उतरायची पोरांची पैज. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. रस्त्याच्या दुतर्फा माणसं उभी होती, लालबागला बाबाही भावाबरोबर उभे होते. "आम्हाला तेव्हा वाटलं, बरं झालं, रस्ता मोकळा झाला. बस येणार, नवी, लाल. कोणाला वाईट वाटलं नाही गं. वाईट वाटायला लागलं ते पुढे कितीतरी वर्षांनी, तोवर रूळही डांबराखाली गेले होते."

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे ती लाल बसच होती. माझं बालपण तिच्या वरच्या मजल्यावर गेलं. १२३ नंबर, आर. सी. चर्चहून ताडदेव. वर चढून पहिल्या बाकासाठी धावायचं, काच खाली ओढायची आणि मरीन ड्राइव्हचा खारा वारा थेट अंगावर. झाडांच्या फांद्या खाडकन टपावर आपटायच्या. कंडक्टरने दोरी ओढली की खाली ड्रायव्हरपाशी घंटी, एक वाजली की थांब, दोन वाजल्या की चल. पहिल्या गिअरमध्ये तिचं ते कण्हणं! मुंबईत दुमजली बस १९३७ पासून होती. जुन्या डिझेलवाल्या डबलडेकरचा शेवटचा दिवस १५ सप्टेंबर २०२३. हार-फुगे लावून निरोप दिलेली ती बस मी एडिसनला, फोनवर बघितली आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

नव्या विजेवरच्या दुमजली बस मला हव्याच आहेत. धूर नाही, गारवा आहे, म्हाताऱ्या माणसांना चढायला सोप्या आहेत. तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. माझं मागणं फार लहान आहे: जुन्यांपैकी दोन गाड्या चालत्या ठेवा. आणिक डेपोत बेस्टचं संग्रहालय आहे, तिथे जुनी तिकिटं आणि गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती मांडल्या आहेत, तेही काम मोलाचं आहे. पण दोन लाल डबलडेकर रविवारी सकाळी कुलाबा ते गिरगाव चौपाटी फिरवा, रोजच्या तिकिटात, रोजच्या थांब्यांवर. उभी गाडी बघून मुलांना रंग कळेल, उंची कळेल. फांदी टपावर आपटते ते कसं कळणार?

न्यूयॉर्कने तरी सगळं जपलं असं नाही. तांबड्या रंगामुळे रेडबर्ड म्हणून ओळखले जाणारे हजारावर डबे त्यांनी २००१ ते २००३ मध्ये अटलांटिकच्या तळाशी सोडले, माशांना घर म्हणून. फिफ्थ अव्हेन्यूवरच्या दुमजली बस तर १९५३ मध्येच संपल्या. पण जे ठेवलं ते चालू ठेवलं. कोर्ट स्ट्रीटच्या म्युझियमातले रूळ आजही जिवंत आहेत, तिसऱ्या रुळात वीज खेळते, तिथले डबे तिथूनच बाहेर काढून मुख्य मार्गावर आणता येतात. गाडी चालवायची ठरलं की ती दुरुस्त करणारे हात तयार ठेवावे लागतात, सुटे भाग घडवावे लागतात, जुन्या पद्धतीने दार उघडणारा कंडक्टर शिकवावा लागतो. म्हणजे गाडीबरोबर माणसांची विद्याही टिकते. मला ह्या सगळ्यात तीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

आम्ही त्याच गाडीने परत खाली आलो. ह्या वेळी बाबांनी जागा स्वतः निवडली, डब्याच्या टोकाला, चाकांच्या बरोबर वर. तुम्हीही तिथेच बसा. मधल्या बाकांवर बँड जास्त ऐकू येतो, गाडी कमी. आणि सकाळची पहिली फेरी धरा, दुपारनंतर कॅमेरेवाल्यांमुळे श्वास घेणं मुश्कील होतं.

घरी जाताना लेकीने फोनवर शोधून आजोबांना सांगितलं की बेसबॉलचा हंगाम सुरू होतो तेव्हा, न्यूयॉर्कच्या यांकीज संघाच्या घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्याला, म्युझियम ह्याहूनही जुनी, १९१७ सालची गाडी ग्रँड सेंट्रलहून ब्रॉन्क्सला स्टेडियमपर्यंत सोडतं. बाबांचं परतीचं विमान फेब्रुवारीत होतं. रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला विचारलं, "काय रे, तिकीट एप्रिलनंतरचं करून मिळेल का?" तारीख बदलायला बरेच पैसे पडले. दुसऱ्याच दिवशी भरून टाकले.