'एस्किमो लिमोन' मालिका क्रमाने पाहताना: सहाव्या भागापर्यंतच्या नोंदी

इस्रायलच्या 'एस्किमो लिमोन' या चित्रपटमालिकेचे, म्हणजे इंग्रजी प्रेक्षक ज्याला 'लेमन पॉप्सिकल' म्हणून ओळखतात त्या मालिकेचे, पहिले सहा भाग आता क्रमाने पाहून झाले आहेत. अशा चित्रपटमालिका क्रमाने पाहण्याच्या या उपक्रमात याआधी 'पोर्कीज' या चावट विनोदी मालिकेचे तिन्ही भाग संपवले होते. त्यानंतर ही मालिका हाती घेण्याचे कारण केवळ कालक्रमाचे होते. फ्लोरिडातल्या १९५४ सालावर बेतलेला 'पोर्कीज' पडद्यावर येण्याआधीच, १९७८ मध्ये, तेल अवीवमधल्या तीन मित्रांची ही गोष्ट प्रदर्शित झाली होती, आणि 'पोर्कीज' आला तोवर तिचे पुढचे भागही सुरू झाले होते. जुन्या काळाचे स्मरणरंजन आणि चावटपणा यांचे हे मिश्रण अमेरिकेतून जगभर गेले अशी जी सर्वसाधारण समजूत आपल्या छंदी मंडळींतही आढळते, ती निदान या बाबतीत तपासून घेण्याजोगी आहे.

प्रत्येक भाग पाहताना नोंदवहीत एकच कसोटी लावत आहे. समोरचे दृश्य १९५० च्या दशकातून उचलून चित्रीकरणाच्या वर्षात आणून ठेवले, तर त्यातले काही हरवते का? हरवत असेल तर त्या दृश्याला त्याचा काळ खरोखर हवा आहे. हरवत नसेल तर जुनी मोटार, पोमेड लावलेले केस आणि मागे वाजणारे गाणे हा निव्वळ देखावा आहे.

पहिला भाग या कसोटीवर फार वरचा ठरतो. दिग्दर्शक बोआझ डेव्हिडसन यांचा जन्म १९४३ सालचा आणि तेल अवीवचा, म्हणजे पडद्यावरची मुले आणि ते स्वतः जवळपास एकाच वयोगटातले. चित्रपट बराचसा त्यांच्या स्वतःच्या तरुणपणावर आधारलेला आहे. इस्रायलमध्ये सर्वसाधारण दूरचित्रवाणी प्रसारण सुरू झाले ते १९६८ मध्ये, त्यामुळे १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या मुलांपर्यंत रॉक अँड रोल पोहोचले ते तबकड्या आणि रेडिओच्या वाटेने. १९६० च्या दशकाच्या मध्यावरही तिथल्या अधिकाऱ्यांनी बीटल्सना कार्यक्रमाची परवानगी नाकारली होती. हे ध्यानात घेतले की बिल हेली, लिटल रिचर्ड आणि पॉल अँका यांची गाणी चित्रपटभर का वाजत राहतात ते उमगते. हळवा बेन्झी, देखणा मोमो आणि जाडा युदाले या तिघा मित्रांच्या लेखी ते संगीत म्हणजे वडीलधाऱ्यांच्या काटकसरीच्या, शिस्तीच्या जगाबाहेरची एक खिडकी होती.

शेवटी वाजणारे बॉबी व्हिंटन यांचे 'मिस्टर लोन्ली' हे गाणे मात्र गाजले ते १९६४ च्या अखेरीस. तारखांबाबत काटेकोर असणाऱ्या मित्रांनी ही कालविसंगती जरूर नोंदवावी, पण तेवढ्यावरून गुण कापू नयेत असे माझे मत आहे, कारण त्या जागी दुसरे कोणतेही गाणे मला सुचत नाही. ज्या मुलीवर बेन्झी मनोमन प्रेम करतो ती नीली मोमोपासून गरोदर राहते आणि मोमो हात झटकून मोकळा होतो. बेन्झी पैसे उभे करतो, तिच्या गर्भपाताची व्यवस्था करतो, तिची काळजी घेतो, आणि तिच्या वाढदिवसाला भेट घेऊन जातो तेव्हा ती पुन्हा मोमोच्याच मिठीत दिसते. कोणीही कोणाला काही सुनावत नाही. मुलगा वळतो आणि निघून जातो. अर्धा-पाऊण तास आधी जे प्रेक्षक खिदळत होते, त्यांना असे उघड्यावर आणून सोडणे हे या प्रकारच्या चित्रपटांत मी तरी क्वचितच पाहिले आहे. छायालेखक अॅडम ग्रीनबर्ग यांनी पुढे 'द टर्मिनेटर' चित्रित केला, हे कळल्यावर या भागातली रात्रीची दृश्ये मी पुन्हा एकदा लावून पाहिली.

त्या वेळी सुमारे ३७ लाख लोकसंख्या असलेल्या देशात या चित्रपटाची १० लाखांहून अधिक तिकिटे विकली गेली. बर्लिनच्या महोत्सवात तो स्पर्धा विभागात होता आणि गोल्डन ग्लोबसाठी परदेशी चित्रपटांत त्याला नामांकनही मिळाले. निर्माते मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस यांनी याच सुमारास अमेरिकेतील कॅनन ही चित्रपट कंपनी ताब्यात घेतली. अशा जोडीने पुढचे भाग काढले नसते तरच नवल.

जाता जाता एक गोष्ट. कोकणातले बेने इस्रायली ज्यू ज्या वर्षांत मोठ्या संख्येने तिकडे स्थायिक होत होते, तीच साधारण या कथेची वर्षे आहेत. परंतु त्यांच्यातले अनेक जण दिमोना, लोद, अश्दोदसारख्या ठिकाणी गेले, आणि पडद्यावरचे तेल अवीव म्हणजे समुद्रकिनारा, आइस्क्रीमचे दुकान आणि घरगुती पार्ट्या एवढेच आहे. स्मरणरंजनाच्या चौकटीत कोण येतो आणि कोण येत नाही, हे तपासायला ही एक चांगली जागा आहे.

दुसरा भाग १९७९ चा आणि तिसरा १९८१ चा. दोन्ही डेव्हिडसन यांचेच. दुसऱ्यात बेन्झीच्या प्रेमाला पहिल्यासारखेच वजन देण्याचा प्रयत्न दिसतो, पण आता प्रेक्षकाला मोमोचा स्वभाव ठाऊक असतो आणि त्यामुळे धक्क्याची जागा प्रतीक्षा घेते. तिसऱ्यात जर्मन अभिनेत्री झिबिले राउख येते, आणि चित्रपटाची नजर कोणत्या बाजारपेठेकडे वळली आहे हे तेव्हाच कळून चुकते. पश्चिम जर्मनीत ही मालिका 'आइस आम श्टील' या नावाने तुफान चालत होती, आणि युदालेची भूमिका करणारे त्साखी नोय तिथे घराघरांत ओळखीचे झाले होते. कसोटीनुसार तिसऱ्या भागातील बहुतेक दृश्ये काळाविनाही उभी राहतात, म्हणजे काळाच्या दृष्टीने नापास.

याच टप्प्यावर या उपक्रमातले माझे मुख्य निरीक्षण पक्के झाले. पहिला भाग १९५० च्या दशकाची आठवण काढतो. पुढचे भाग पहिल्या भागाची आठवण काढतात. प्रेक्षक तिकीट काढतो ते तेल अवीवच्या जुन्या दिवसांसाठी नव्हे, तर ही तीन पोरे पुन्हा एकत्र दिसावीत म्हणून, आणि जर्मनीतल्या प्रेक्षकाचा तर त्या जुन्या दिवसांशी कधी संबंधच आलेला नसतो. जाडा मित्र पुन्हा फजीत होणार, देखणा मित्र पुन्हा निसटणार, हळवा मित्र पुन्हा झुरणार, या खात्रीतच सिक्वेलची गोडी आहे. गंमत अशी की ज्या शेवटामुळे पहिला भाग मनात रुतला, त्या शेवटाला पुढच्या भागांत जागाच नाही; मोमोने जे केले ते खरेच मनात धरले असते तर तिघांची मैत्री, आणि तिच्याबरोबर मालिका, तिथेच संपली असती.

चौथा भाग, 'प्रायव्हेट पॉप्सिकल', या दृष्टीने सर्वांत विचार करायला लावणारा निघाला. इस्रायलमध्ये अठराव्या वर्षी सक्तीची लष्करी सेवा असते, म्हणून तिथल्या कोणत्याही शाळकरी विनोदाला एक मुदत आपोआपच लागू होते. इथे ती मुदत संपते आणि तिघे भरती होतात. योसेफ शिलोआख यांचा सार्जंट, कवायतीतले गोंधळ, युदालेची वेषांतरे हा सारा बराकीतल्या विनोदाचा जुनाच माल आहे, आणि तो जोरात चालतोही. पण हा चित्रपट १९८२ चा आहे, ज्या वर्षी जूनमध्ये इस्रायली फौजा लेबनॉनमध्ये शिरल्या. जुन्या काळच्या कथेतले सैन्य पुरते निरुपद्रवी आणि हास्यास्पद दाखवण्याला त्या वर्षी तिथे काय अर्थ आला असेल, याचा अंदाज जर्मनीतल्या चित्रगृहात बसून करता आला नसता. काळाची कसोटी इथे उलटी लावावी लागते: दृश्य जुन्या काळातच ठेवले म्हणून ते हसण्याजोगे राहिले.

पाचव्या भागात (१९८४) दिग्दर्शन दान वोलमन यांच्याकडे आले. आमोस ओझ यांच्या कादंबरीवर 'माय मायकल' हा गंभीर चित्रपट १९७४ मध्ये करणारे हेच वोलमन. त्यांनी बेन्झीला मोमोच्या धाकट्या बहिणीच्या प्रेमात पाडले आहे, त्यामुळे मैत्री आणि विश्वास हा मूळ धागा काही काळ परत हाती लागतो. सैन्य मात्र जणू घडलेच नव्हते. बेन्झी साकारणाऱ्या यिफ्ताख कात्सूर यांच्या चेहऱ्यावर दिसणारी वर्षे आणि पात्राचे न वाढणारे वय यांतली दरी जसजशी रुंदावते, तसतसा मला या भागांविषयी जिव्हाळा वाटू लागला, हे मान्य करायला हवे. सहावा भाग (१९८५) कथा जहाजावर नेतो. त्यात लिहून ठेवण्यासारखे फारसे नाही.

तक्रारीची बाजूही नोंदवायला हवी. मुलींना आवाज नाही. नीलीला तिची बाजू मांडायला एकही पुरते दृश्य मिळत नाही, आणि पुढच्या भागांतल्या कित्येक स्त्रिया दार उघडण्यापुरत्या आणि पळापळ सुरू करून देण्यापुरत्याच येतात. योनातन सेगल, ज्यांनी मोमो रंगवला, ते पुढे 'शिंडलर्स लिस्ट'मध्ये दिसले आणि स्वतः दिग्दर्शकही झाले. मालिकेतल्या अभिनेत्रींच्या वाट्याला अशी वाट येणे सोपे नव्हते. जुन्या आवडीचे चित्रपट आज पाहताना हा हिशेब टाळून चालत नाही, आणि टाळला तर पहिल्या भागाचा शेवटही नीट वाचता येत नाही, कारण तिथे नीली मोमोकडे का परतते याचे उत्तर दिग्दर्शकाजवळही नसावे असे वाटते.

पुढच्या टप्प्यात सातवा (१९८७) आणि आठवा (१९८८) भाग आहेत. दोघांचे दिग्दर्शक ऑस्ट्रियन, वाल्टर बानर्ट आणि राइनहार्ड श्वाबेनित्स्की, म्हणजे मालिका मायदेशापासून पूर्ण सुटली का हे तिथे ठरेल. त्यानंतर २००१ मधला नव्या चेहऱ्यांचा 'द पार्टी गोज ऑन'. सर्वांत शेवटी, क्रम मोडून, डेव्हिडसन यांनी १९८२ मध्ये हीच पहिली कथा लॉस एंजेलिसमध्ये आणि चालू काळात उभी करून केलेला 'द लास्ट अमेरिकन व्हर्जिन' पाहायचा आहे, कारण जी कसोटी मी कागदावर लावत आलो आहे ती त्यांनी स्वतःच पडद्यावर लावून पाहिली होती. सातव्या आणि आठव्या भागांची हिब्रू ध्वनिपट्टी असलेली चांगली प्रत कोणाच्या पाहण्यात आली असेल तर जरूर कळवावे. इंग्रजी डबिंगमध्ये युदालेचा आवाज ऐकवत नाही.