काकांच्या कानातला कापूस

सोबत आणलेल्या चिठ्ठीवर एवढंच होतं : डाउन सिंड्रोम, वय 44, स्मृतिभ्रंश सुरू, गोळ्या चालू ठेवा. चिठ्ठी कुठल्याशा शिबिरातली. गोळ्या दोन : रिस्पेरिडोन ही मानसिक आजारातली शांत करणारी गोळी, आणि तिच्या दुष्परिणामांवर देतात ती ट्रायहेक्सिफेनिडिल. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वहिनी आणि पुतण्या त्यांना दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आले. सारं गाव त्यांना काका म्हणतं, म्हणून इथंही काकाच.

"पोळ्यापासून पार बदलले जी मॅडम," वहिनी सांगू लागल्या. "ताट समोर ठेवलं तं नुसते पाहत रायते. रात्री ओरडते, कानफटीत मारून घेते. पँट खराब करते. जुलाब थांबतच नाई, म्हणून म्या भाकर बंद केली, वरणाचं पाणी तेवढं देतो."

चिठ्ठी लिहिणाऱ्याची शंका अगदीच निराधार नव्हती. डाउन सिंड्रोममध्ये 21 क्रमांकाचं गुणसूत्र दोनऐवजी तीन असतं आणि अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइडचं मूळ प्रथिन बनवणारा जनुक नेमका त्याच गुणसूत्रावर बसलेला आहे. त्यामुळे चाळिशीपर्यंत जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत अल्झायमरसारखे बदल सापडतात, आणि पन्नाशीच्या आसपास अनेकांना प्रत्यक्ष आजार जडतो. पण तो वर्षानुवर्षं हळूहळू वाढत जातो. पोळ्याला बैल धुऊन झूल बांधणारा माणूस संक्रांतीपर्यंत घास गिळायचा विसरला, तर आधी कान, दात, पोट, लघवी, थायरॉइड, डोळे आणि चालू गोळ्या बघायच्या. बौद्धिक दिव्यांग माणसाचं काहीही बिघडलं की "ते तसेच असतात" म्हणून सोडून देण्याची खोड आपल्या डॉक्टर मंडळींनाही चांगलीच आहे.

ओपीडीची गर्दी ओसरेपर्यंत त्यांना मागच्या खोलीत बसवलं. गोंगाटात तपासणी घेतली की असा माणूस हात झटकतो आणि आपण कागदावर "सहकार्य करत नाही" लिहून मोकळे होतो. एका वेळी एकच छोटं वाक्य बोलायचं, मग दहापर्यंत मनात मोजत थांबायचं. उत्तर येतं, उशिरा येतं. प्रत्येक उपकरण आधी पुतण्यावर चालवून दाखवायचं आणि सगळ्यात नकोशी तपासणी शेवटी घ्यायची. वजन मागच्या नोंदीपेक्षा 6 किलोंनी कमी भरलं. ताप नव्हता, रक्तदाब ठीक होता. नाडी मिनिटाला 54, कातडी कोरडी आणि गार.

कानाकडे वळण्याआधी मानेची चौकशी करावी लागते. डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधले बंध सैल असू शकतात. डोकं जबरदस्तीनं मागं वाकवलं किंवा झटका दिला तर मज्जारज्जू दाबला जाण्याची भीती असते. दात तपासताना, कान धुताना चौघांनी दाबून धरण्याची आपली पद्धत इथं धोक्याची आहे. म्हणून आधी विचारून घेतलं : चाल बदलली का, हातातून वस्तू पडतात का, मान वाकडी धरतात का? तिन्हीला नकार आला. मग काकांना खुर्चीतच सरळ बसवलं, त्यांचा हात पुतण्याच्या हातात दिला.

डाव्या कानात घट्ट, काळा मळ होता. यात नवल नाही, यांची कानाची नळी जन्मतः अरुंद असते आणि मळ लवकर अडकतो. उजव्या कानाला मात्र वास येत होता. पाळी वर आणि मागं ओढून ऑटोस्कोप, म्हणजे कानात बघायची दुर्बीण, लावला तर मळाच्या मागं करड्या रंगाचं काहीतरी तंतूतंतूंचं दिसलं. पडदा दिसत नसताना तिथं पाण्याची पिचकारी मारायची नाही. पडद्याला भोक असेल तर पाणी आत जातं, शिवाय कापूस असेल तर तो भिजून फुगतो. बारीक क्रोकोडाइल चिमट्यानं टोक पकडून हळूहळू ओढलं. बोराच्या बीएवढा कुजका बोळा बाहेर आला.

"मागच्या थंडीत वेचणीले जायचे तवा कानात कापूस घालायचे," पुतण्या म्हणाला. वरून घरच्यांनी लसणाचं कोमट तेलही सोडलं होतं, त्यानं तो आणखी आत सरकला.

नळी लाल, ओलसर होती, पण पडदा शाबूत होता. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे थेंब, 3 ते 4, दिवसातून दोनदा, 7 दिवस. डाव्या कानात मळ मऊ करायचे थेंब 5 दिवस, त्यानंतर अंगाइतक्या कोमट पाण्यानं धुणं. पाणी गार असलं तर गरगरतं, माणूस घाबरतो आणि पुन्हा कधी कानाला हात लावू देत नाही. शिवाय पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दोन-तीन दिवस, ठरलेल्या वेळेला. दुखतंय हे ज्याला सांगता येत नाही त्याला "दुखलं तर द्या" अशी गोळी लिहिण्यात अर्थ नसतो.

आता जुलाब. पोटाच्या डाव्या बाजूला खाली टणक गोळा लागत होता, ओल्या मातीसारखा, बोटानं दाबलं की खळगा पडणारा. गुदाशय दगडासारख्या मळानं भरलेला. जुलाब नव्हतेच. अडकलेल्या मळाच्या कडेनं पातळ पाणी झिरपत होतं आणि त्यावर जुलाब बंद व्हायच्या गोळ्या सुरू होत्या! त्यात भाकर आणि भाजी बंद, म्हणजे चोथाही गेला. बद्धकोष्ठ ट्रायहेक्सिफेनिडिलनंही वाढतं. ही गोळी आतड्याची हालचाल मंदावते, लघवी अडवते, तोंड कोरडं पाडते आणि विसराळूपणा वाढवते. स्मृतिभ्रंशाच्या शंकेवर तीच गोळी चालू होती.

त्या दिवशी एनिमा दिला, नंतर मळ मऊ करणारी मॅक्रोगोल पावडर पाण्यात. इसबगोल मुद्दाम टाळलं. मळ अडकलेला असताना आणि पाणी कमी पीत असताना इसबगोल आत फुगून बसतं. वहिनींना सांगितलं, रोज कधी गेले, घट्ट की पातळ, एवढं कॅलेंडरवर लिहा. मग त्या आपणहून म्हणाल्या, घरी नवा संडास बांधल्यापासून ते आत जायलाच पाहत नाहीत. खोली अरुंद, अंधारी, फरशी पांढरी आणि भांडंही पांढरं, आणि काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत असलेला. पाय कुठं ठेवायचा तेच दिसत नसेल. पायठेवणीला गडद निळा रंग मारायचा, बल्ब लावायचा, दार अर्धं उघडं ठेवून पुतण्यानं बाहेर उभं राहायचं, आणि सकाळचा चहा झाला की तिथं न्यायचं, कारण पोटात काही गेल्यावर आतडं आपसूक हलतं. हा खर्च दोनशे-तीनशेच्या वर गेला नाही. मोतीबिंदूसाठी नेत्रविभागाची चिठ्ठी दिली.

शिबिराच्या गोळ्या तिथल्या तिथं तोडल्या नाहीत. अचानक बंद केल्या तर झोप उडते, मळमळ होते, बेचैनी वाढते आणि घरच्यांना वाटतं गोळीच बरी होती. जिल्ह्याच्या मानसोपचारतज्ज्ञांशी फोनवर बोलून काही आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं दोन्ही उतरवायचं ठरलं. असा सल्ला घरच्यांनाही 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर मागता येतो.

रक्त पाठवलं होतं. टीएसएच बराच वाढलेला आला, म्हणजे थायरॉइड मंदावलेलं. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं इतकं नेहमीचं आहे की ही तपासणी दरवर्षी व्हायलाच हवी, आणि काकांची शाळा सुटल्यापासून कधीच झाली नव्हती. जन्मतः हृदयदोष असण्याची शक्यता धरून, ईसीजी पाहून, लेव्होथायरॉक्सिन 25 मायक्रोग्रॅमपासून सुरू केलं. उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, चहाच्या अर्धा तास आधी. बाटली टिनाच्या छपराखालच्या फळीवर ठेवायची नाही, आमच्याकडच्या उन्हाळ्यात गोळीचा जोर उतरतो.

कानाचं दुखणं उतरलं आणि पोट मोकळं झालं तसं रात्रीचं ओरडणं थांबलं. थायरॉइडला मात्र आठवडे लागले. काका पुन्हा हातानं जेवतात, बैलाला पाणी दाखवतात. तरी काही गोष्टी परत आल्या नाहीत. झुलीची गाठ आता मारता येत नाही, घरामागची वाट कधी कधी चुकते. म्हणजे स्मृतिभ्रंशाची सुरुवात खरीही असू शकते. ते ठरवायला "आज वार कोणता" असले प्रश्न कुचकामी, काकांना वार कधीच येत नव्हता. त्यांची तुलना त्यांच्या स्वतःशीच करायची. पुतण्यानं मोबाइलवर चित्रफिती काढायला घेतल्या आहेत : सदरा घालताना, भाकर मोडताना, गोठ्यापर्यंत जाताना. दर सहा महिन्यांनी तीच कामं, त्याच जागी. या वयात पहिल्यांदाच फिट (आकडी) आली किंवा सकाळी हातपाय दचकू लागले तर मात्र सहा महिने थांबायचं नाही.

मुलांसाठी आरबीएसके या सरकारी आरोग्य तपासणी योजनेचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, तेही अठरा वर्षांपर्यंतच. त्यापुढच्यांसाठी तसं कुणी दारात येत नाही, म्हणून आशाताईंच्या वहीत एक पान वाढवलं आहे : नाव, कान, डोळे, दात, वजन, टीएसएच, पोट, चालू गोळ्या. काकांचं युडीआयडी कार्डही, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, अजून निघायचं आहे. त्याशिवाय दिव्यांगांसाठीचा निरामय आरोग्य विमा होत नाही, आणि कार्डासाठी डॉक्टरांच्या बोर्डापुढं उभं राहायला एका माणसाची मजुरी बुडते. वेचणी संपली की नेतो, असं पुतण्या म्हणाला.