शोधमोहिमेसाठी कॅमेऱ्याची निवड : नोंद तिसरी, गच्चीवरच्या चाचण्या

आमच्या इमारतीच्या गच्चीच्या कठड्यापासून खालच्या बागेपर्यंतचे अंतर मी दोरीला वजन बांधून मोजले तेव्हा ते ५८ मीटर भरले आणि त्या दिवशी माझा अर्धा प्रश्न सुटला. डोंगरात हरवलेल्या माणसाच्या शोधासाठी कॅमेरा लावलेला ड्रोन साधारण ज्या उंचीवरून फिरवावा असे मनात होते, जवळजवळ तीच उंची मला घरबसल्या मिळाली होती. मुंबईत राहून ड्रोनवर प्रयोग करणाऱ्यांची अडचण आपणा सर्वांना परिचयाची आहे. विमानतळ शहराच्या मधोमध आहे, नौदलाचे क्षेत्र आहे, पोलिसांचे मनाई आदेश वरचेवर निघत असतात आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानावर वनखात्याच्या परवानगीवाचून काही उडवण्याचा विचारही करू नये. त्यामुळे कॅमेरा निवडण्याचे काम ड्रोनविना कसे करता येईल, याचे उत्तर शोधणे मला भाग होते. सोसायटीच्या सचिवांना हेतू समजावून सांगितला, कॅमेरा फक्त आमच्याच बागेकडे रोखलेला राहील आणि चित्रे मी जपून ठेवणार नाही असे लिहून दिले आणि त्यांनी रविवारी पहाटेची वेळ मला मोकळी करून दिली.

हा कॅमेरा कोणासाठी निवडायचा, हे आधी स्पष्ट करतो. सह्याद्रीत वाट चुकलेला, पाय मुरगळून घळीत बसून राहिलेला किंवा कड्यावरून घसरून ओढ्याच्या काठी पडलेला माणूस हे माझे लक्ष्य आहे, म्हणजेच तो जमिनीच्या वर आहे आणि निदान काही अंशी आकाशाला दिसतो आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, त्यानंतर अनेकांनी मला विचारले की उष्णता टिपणारा कॅमेरा असता तर ढिगाऱ्याखालची माणसे सापडली असती का. नसती. थर्मल कॅमेरा फक्त पृष्ठभागाचे तापमान पाहतो. मातीचा वीतभर थरसुद्धा त्याच्या दृष्टीने भिंत आहे. कोसळलेल्या इमारतीत आणि दरडीत लांब दांड्याचा कॅमेरा, आवाज ऐकणारी यंत्रे आणि प्रशिक्षित श्वान लागतात. ते शास्त्र वेगळे आहे, म्हणून त्याला मी या नोंदीत हात घालत नाही.

आता मूळ हिशेब. जमिनीवरचा किती भाग एका पिक्सेलमध्ये मावतो हे काढायचे असेल तर उंचीला पिक्सेलच्या आकाराने गुणावे आणि भिंगाच्या नाभीय अंतराने (फोकल लेंथने) भागावे. माझ्याकडे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडायचा, त्याच कंपनीचा हाय क्वालिटी कॅमेरा होता. त्यात सोनीचा आयएमएक्स ४७७ हा १२.३ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे आणि त्याचा एक पिक्सेल १.५५ मायक्रोमीटरचा आहे. त्याला ६ मिलिमीटरचे भिंग लावल्यास ५८ मीटरवरून एक पिक्सेल जमिनीवर सुमारे १.५ सेंटिमीटर व्यापतो आणि एका चित्रात साधारण ६१ बाय ४६ मीटरचा तुकडा येतो. बागेत हरवलेल्या माणसाच्या भूमिकेत असलेला माझा भाचा आडवा पडला की डोक्यापासून पायापर्यंत १६५ सेंटिमीटर आणि खांद्यापाशी ४५ सेंटिमीटर भरतो. म्हणजे कागदावर तो ११० बाय ३० पिक्सेलचा दिसायला हवा. हा आकडा इतका भरघोस होता की निवड झालीच असे मी धरून चाललो होतो.

पहिल्या रविवारी चित्रे पडद्यावर मोठी करून पाहिली, तेव्हा भाचा ११० पिक्सेलांत पसरलेला होता खरा, पण त्या पिक्सेलांत तेवढा तपशील नव्हता. कारण भिंगात होते. हे ६ मिलिमीटरचे भिंग मुळात ३ मेगापिक्सेलसाठी म्हणून विकले जाते. सेन्सरने कितीही बारीक जाळे टाकले तरी भिंगातून येणारी प्रतिमाच तेवढी बारीक नसेल तर जाळ्यात काही लागत नाही. १६ मिलिमीटरचे भिंग लावले तर चित्र स्वच्छ मिळते, परंतु एका चित्रात येणारा जमिनीचा पट्टा २३ मीटरवर येतो आणि भिंगाचे वजन दुपटीहून अधिक होते. शोधात पट्ट्याची रुंदी म्हणजे वेळ, आणि वाट पाहत असलेल्या माणसाच्या दृष्टीने वेळेपेक्षा मोलाचे दुसरे काही नाही.

दुसरी गोष्ट हालचालीची. गच्ची स्थिर असते आणि ड्रोन धावत असतो, तेव्हा स्थिर चाचणीवरून निष्कर्ष काढणे चुकीचे ठरले असते. यावर एक उपाय सुचला, तो सविस्तर लिहितो, कारण इतरांनाही तो सहज करता येईल. ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने जाणाऱ्या ड्रोनखालची जमीन कॅमेऱ्यासमोरून जितक्या वेगाने सरकते, तितकीच ती ५८ मीटरवरचा कॅमेरा सेकंदाला ५ अंशांनी फिरवला तरी सरकते. लॅमिंग्टन रोडवरून एक स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर) आणि दातेरी पट्टा आणला, कठड्याला शिकंज्याने घट्ट बांधलेल्या ॲल्युमिनियमच्या नळीवर कॅमेरा बसवला, खाली कोणी उभे असो वा नसो म्हणून त्याला सुरक्षेची दुसरी दोरी बांधली आणि त्याच नळीवर पाते लावलेली एक ड्रोनची मोटर फिरत ठेवली, म्हणजे थरथरही खरी मिळाली.

या चाचणीने माझे मत बदलले. भर उजेडात शटर एका सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरते उघडे राहिले तर त्या अवधीत जमीन १ सेंटिमीटर सरकते आणि चित्र बिघडत नाही. परंतु शोध पहाटे सुरू होतो, किंवा पावसाळ्यात ढगांच्या काळोखात चालतो. तेव्हा शटर शंभराव्या भागापर्यंत न्यावे लागले, जमीन ५ सेंटिमीटर सरकली आणि १.५ सेंटिमीटरचे पिक्सेल तीन-साडेतीन पिक्सेलांच्या ओरखड्यांत फासले गेले. त्यातच या सेन्सरचे शटर ओळीओळीने वाचले जाते, त्यामुळे थरथरीने बागेच्या सरळ कडा नागमोडी झाल्या. भाच्याचा हात वाकडा दिसत होता. तो त्याने तसा ठेवला आहे की शटरने तसा केला आहे, हे चित्रावरून सांगता येत नव्हते. जखमी माणसाबद्दल निर्णय घेणाऱ्यांच्या हाती असे चित्र देणे मला पटत नाही.

म्हणून त्याच कंपनीचा ग्लोबल शटर कॅमेरा मागवला. त्यातला आयएमएक्स २९६ हा सेन्सर फक्त १.६ मेगापिक्सेलचा, १४५६ बाय १०८८ चा आहे. पण त्याचा पिक्सेल ३.४५ मायक्रोमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने जवळजवळ पाचपट मोठा आहे आणि सगळे पिक्सेल एकाच क्षणी उघडझाप करतात. तेच ६ मिलिमीटरचे भिंग आता त्याला पुरेसे पडते. ५८ मीटरवरून एक पिक्सेल ३.३ सेंटिमीटर, पट्टा सुमारे ४८ मीटर आणि भाचा ५० बाय १३ पिक्सेल. पहाटेच्या उजेडात ओरखडा दीड पिक्सेलचाच राहिला आणि कडा सरळ राहिल्या. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर उन्हात पहिला कॅमेरा सरस आहे, आणि ज्या वेळी गरज असते त्या वेळी दुसरा.

मेगापिक्सेल कमी असले तरी असा कॅमेरा बरा, हा शोध काही माझा नाही. ऑस्ट्रेलियातील किंगारॉय येथे यूएव्ही चॅलेंज या स्पर्धेत रानात टाकलेला जीन्स घातलेला पुतळा विमानाने शोधून काढायचा असे. २०१२ साली कॅनबेरायूएव्ही या हौशी गटाने तो प्रथम शोधला. तेव्हा त्यांच्या विमानावर खिशातल्या कॅमेऱ्याऐवजी सव्वा मेगापिक्सेलच्या आसपासचा औद्योगिक कॅमेरा होता. मी ते पूर्वी वाचले होते, परंतु त्यामागचे कारण मला गच्चीवर गेल्यावर कळले.

थर्मल कॅमेऱ्याबाबत मात्र अधिक लिहावे लागेल, कारण आपल्यात सर्वाधिक गैरसमज त्याच्याविषयी आहेत. फ्लिर कंपनीचा लेप्टन ३.५ हा १६० बाय १२० चा, ५७ अंशांचा पट्टा पाहणारा आणि सेकंदाला जेमतेम ८.७ चित्रे देणारा चिमुकला सेन्सर आहे. हा वेग इतका कमी असण्याचे कारण निर्यातीच्या निर्बंधांत आहे, ९ हर्ट्झखालच्या कॅमेऱ्यांवर ते सैल असतात. ५८ मीटरवरून त्याचा एक पिक्सेल ३९ सेंटिमीटरचा होतो. भाचा चार बाय एक पिक्सेलचा उरला. शिवाय पिक्सेलमध्ये अर्धे अंग आणि अर्धे गवत आले की दोन्ही तापमानांची सरासरी दिसते आणि फरक आणखी पुसट होतो. अमेरिकी लष्करी संशोधक जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या निकषांनुसार काहीतरी आहे एवढे कळायला लक्ष्याच्या आखूड बाजूवर दोन, ते काय आहे हे कळायला आठ आणि नेमके ओळखायला तेरा पिक्सेल लागतात, आणि तेही पन्नास टक्के खात्रीसाठी. लेप्टन पहिल्याच पायरीवर अडखळतो. तो ३० मीटरवरून वापरावा, पण झाडांच्या डोक्यावरून जायचे असेल तर ३० मीटर फार अडचणीचे आहेत.

त्याऐवजी २५६ बाय १९२ चे, १२ मायक्रोमीटर पिक्सेलचे आणि ७ मिलिमीटर भिंगाचे मॉड्यूल घेतले. एक पिक्सेल १० सेंटिमीटर, खांद्यावर साडेचार पिक्सेल. माणूस आहे की चितळ हे त्यावरून सांगता येणार नाही, पण काहीतरी उबदार आहे हे नक्की कळते. राष्ट्रीय उद्यानात किंवा येऊरच्या रानात ते उबदार बिबट्याही असू शकते, म्हणून थर्मलने दाखवावे आणि साध्या कॅमेऱ्याने ओळखावे, ही जोडी मला आवश्यक वाटते. अडचण पट्ट्याची आहे, तो २५ मीटरवर येतो. शेजारच्या पट्ट्यांचा तीस टक्के भाग एकमेकांवर येईल असे धरून वीस मिनिटांच्या उड्डाणात साधा कॅमेरा वळणे सोडून साधारण २० हेक्टर पाहतो, तर हा थर्मल जेमतेम साडेदहा. उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठे आहे, हे ध्यानात घेतले तर शेवटचा फोन कुठून आला आणि माणसाला शेवटचे कोणी पाहिले, ही माहिती कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा आधी का हवी ते समजते.

मुंबईची हवा थर्मलला अनुकूल नाही. डिसेंबरातल्या पहाटे साडेपाचला भाचा गवतावर दिव्यासारखा चमकत होता. त्याच दिवशी रात्री आठ वाजता गवतावर तो दिसला आणि चार पावलांवर पेव्हर ब्लॉकवर जाऊन झोपला तेव्हा हरवला, कारण दिवसभर तापलेले ब्लॉक तोवर त्याच्या कपड्यांइतकेच उबदार होते. सह्याद्रीचा काळा कातळही असाच उशिरापर्यंत उष्णता धरून ठेवतो, तेव्हा सूर्यास्तानंतर लगेच कातळावर थर्मल फिरवण्यात अर्थ नाही, उत्तररात्री आणि पहाटे आहे. भर दुपारी तापलेल्या फरशीवर तोच भाचा भोवतालापेक्षा थंड, म्हणून काळा दिसला. फक्त पांढरे ठिपके शोधणारा त्याला ओलांडून पुढे गेला असता. सर्वांत अस्वस्थ करणारी चाचणी पावसाची ठरली. भाच्याने रेनकोट घातला, बागेच्या नळीने त्याला दहा मिनिटे भिजवले आणि रेनकोट गवताच्या तापमानाला आला. चित्रात राहिले ते फक्त तोंड आणि दोन पंजे. कारवीच्या दाट पानांतून तर थर्मल मुळीच आरपार पाहत नाही.

आवरणाचीही एक नोंद करतो. पावसापासून बचावासाठी मी थर्मलपुढे ॲक्रिलिकची चकती बसवली होती आणि पडद्यावर भाच्याऐवजी नुसता एकसारखा राखाडी पडदा मिळाला. साधी काच आणि ॲक्रिलिक ८ ते १४ मायक्रोमीटरच्या उष्णतेच्या लहरींना अपारदर्शक असतात, म्हणून तर या कॅमेऱ्यांची भिंगे जर्मेनियमची करतात. जर्मेनियमची खिडकी मला परवडत नाही. अतिशय पातळ पॉलिथिनचा कागद ताणून लावल्यावर काम झाले, फरक थोडा मंदावतो, पण कॅमेरा कोरडा राहतो. त्यावर पाण्याचा थेंब बसला की तेवढी जागा आंधळी होते, त्यामुळे पुढे छोटी टोपी लावावी लागली.

रंगांबद्दल माझी समजूत होती की भगवा रेनकोट सर्वोत्तम. हिरव्या पावसाळ्यात तो आहेच. उन्हाळ्याच्या पिवळ्या गवतावर मात्र निळा रंग अधिक उठून दिसला. परंतु डोंगरउतारावरच्या घरांवर आणि गोठ्यांवर पावसाळ्यात निळ्या ताडपत्र्या असतात, म्हणून वस्तीजवळ संगणकाला निळा शोधायला सांगितले तर तो ताडपत्र्याच आणून देईल. चित्रे जेपेगमध्ये साठवताना रंगाचा बराच तपशील टाकून दिला जातो हेही मी उशिरा पाहिले. दोन-तीन पिक्सेलचा भगवा ठिपका त्यात मातकट होतो, म्हणून आता मूळ कच्ची चित्रे कार्डावर ठेवतो आणि जेपेग फक्त खाली पाठवण्यापुरती करतो.

निवड ठरली आहे : दिवसाला आणि ओळख पटवायला ६ मिलिमीटर भिंगाचा ग्लोबल शटर कॅमेरा, पहाटेला २५६ बाय १९२ चा थर्मल, दोन्ही एकाच पट्टीवर. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २ किलोपर्यंतचे यान मायक्रो गटात बसते आणि बॅटरीसह सगळे त्या मर्यादेत ठेवण्याचा प्रयत्न आहे. आता राहिले आहे ते जागेचे काम. चित्रात माणूस दिसला तरी तो जमिनीवर कुठे आहे हे सांगता आले नाही तर चालणाऱ्या पथकाला उपयोग नाही. ५८ मीटरवर यान १० अंश कलले आणि ते कलणे हिशेबात धरले नाही तर ठिकाण १० मीटरने चुकते, आणि कड्याच्या कडेला १० मीटर म्हणजे वरचा सडा की खालची घळ हा फरक आहे. येत्या रविवारी कॅमेरा मुद्दाम ठरावीक अंशांनी तिरपा बांधून भाच्याची जागा हिशेबाने काढणार आहे आणि बागेत टेप टाकून ती पडताळून पाहणार आहे.