पीएच वाढवण्याची घाई का टाळली

पुण्यातील एका दातांच्या दवाखान्यातून तातडीचे बोलावणे आले म्हणून मी पोहोचलो, तेव्हा तिथल्या २०० लिटरच्या माशांच्या टाकीत मॉली जातीचे मासे पंख मिटून जागच्या जागी डुलत होते आणि तळाशी राहणारे कोरीडोरास मासे हवेसाठी वारंवार वर धावत होते. पीएच म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा; तो जितका कमी, तितके पाणी आम्ल. त्याच्या तपासणीच्या नळीतले पाणी पिवळेधमक झाले, म्हणजे पीएच ६ किंवा त्याहूनही खाली होता. माशांच्या उत्सर्गातून येणाऱ्या अमोनियाची नळी ४ पीपीएमचा (दशलक्षात ४ भाग) हिरवा रंग दाखवत होती. केएच, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारी पाण्यातली क्षारता, तपासताना तर पहिल्याच थेंबाला पाणी पिवळे पडले, म्हणजे ती जवळपास उरलीच नव्हती.

माशांना स्वच्छ पाणी मिळावे या मायेपोटी तिथल्या मावशी कित्येक महिने टाकीत फक्त आरओचे पाणी भरत होत्या. त्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू मात्र सतत क्षारता खर्च करतात, आणि ती संपली की पीएच कोसळतो, हे जिवाणूच मंदावतात आणि अमोनिया साठत जातो.

"काका, निम्मे पाणी काढून बोअरचे भरा ना," डॉक्टर मॅडम काळजीने म्हणाल्या. बोअरचा पीएच ८ भरला. पीएच ६ ला अमोनियाचा जेमतेम दोन हजारावा भाग विषारी रूपात असतो, पण ८ ला तोच विसाव्या भागाच्या आसपास जातो. म्हणजे ज्या आम्लतेने माशांना त्रास होत होता, तीच त्यांना अमोनियापासून वाचवत होती. हे मी मॅडमना नळ्या समोर धरून समजावले.

म्हणून खाणे बंद करून आधी आरओच्याच पाण्याने, तापमान जुळवून, रोज पाव टाकी बदलायला घेतली, कारण त्याने पीएच न उसळता अमोनिया विरळ होतो. अमोनियाची नळी पिवळसर दिसू लागल्यावरच, म्हणजे अमोनिया बराच उतरल्यावरच, बोअरचे पाणी बारीक नळीने थेंबथेंब सोडले आणि फिल्टरमध्ये शिंपल्यांच्या चुऱ्याची पिशवी ठेवली. बाटलीतले पीएच वाढवणारे औषध मी वापरले नाही; केएचचा पाया नसताना आकडा वर ढकलण्यात मला अर्थ वाटत नाही. एक मॉली गेला, बाकीचे सावरले.

आता तिथे तीन भाग आरओ आणि एक भाग बोअर असे पाणी भरतात. बोअरचा केएच १६ असल्याने मिश्रणाचा ४ च्या आसपास राहतो. मॉलींना याहून जड, म्हणजे जास्त क्षारांचे, पाणी मानवते, त्यामुळे नवे मॉली आणू नयेत, असे मी मॅडमना सांगितले आहे.